जुन्या डायना २७ चा ट्रिगर पकडत नाही? पार्ट शोधायला निघण्याआधी हे तपासा

घरात आजोबांची नाहीतर काकांची छर्‍याची बंदूक निघते, डायना २७, माळ्यावर कित्येक वर्षं चादरीत गुंडाळून ठेवलेली. कोणीतरी हौसेने पुसून बॅरल खाली मोडतं आणि बंदूक कॉक होतच नाही, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकून राहत नाही, खट् असा जो आवाज यायला पाहिजे तो येत नाही, किंवा येतो पण बॅरल वर घेताना आपोआप सुटते. मग फोन येतो की ट्रिगरचे पार्ट कुठे मिळतील, मुंबईला जाऊ का, जर्मनीहून मागवू का. नाशकात आणि आजूबाजूला, निफाड, सिन्नर, दिंडोरी साइडला, अशा बंदुका अजून घराघरांत आहेत आणि तक्रार जवळपास हीच असते, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढतोय.

आधी मुद्द्याचं. ट्रिगरचा पार्ट खरोखर गेलाय अशा बंदुका मी फार थोड्या पाहिल्यात. बहुतेक वेळा आत तेल-ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं, नाहीतर मधल्या काळात कोणीतरी भलतीच स्प्रिंग टाकलेली असते, नाहीतर एखाद्या मेकॅनिकने उघडून आतल्या गोळ्या बदललेल्या असतात. पार्ट मागवायचा खर्च आणि वाट बघणं या सगळ्याच्या नंतर येतं. नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय पार्ट मागवला तर नवीन पार्ट टाकूनही तोच त्रास परत होतो.

काम सुरू करायच्या आधी दोन गोष्टी. एक, जी बंदूक पकडत नाही किंवा पकडून सुटते तिची बॅरल परत परत मोडून बघू नका. मेन स्प्रिंग दाबलेली असताना लॉक सुटलं तर बॅरल जोरात वर येते, मधे बोट असेल तर बोट जाईल, बॅरल वाकते, दस्त्याला मनगटाच्या जागी चीर जाते. कॉक करताना आणि छर्रा भरताना बॅरल हातातून सोडायचीच नाही, ही सवय चांगल्या बंदुकीलाही पाहिजे. आणि घरात पोरं असतील तर दुरुस्त होईपर्यंत ती कुलपात ठेवा, बिघडलेली बंदूक चालू बंदुकीपेक्षा जास्त धोक्याची आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. मी इथे जे सांगतोय ते फक्त ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या (बोअर म्हणजे बॅरलच्या भोकाचा व्यास), २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलबद्दल आहे. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे याच्या वरच्या एअरगनला, बोअर मोठा असो की ताकद जास्त असो, परवाना लागतो. .१७७ वाली डायना २७ ताकदीने या मर्यादेच्या बरीच आत आहे. पण तुमच्याकडची ५.५ मिलिमीटर म्हणजे .२२ असेल तर आधी पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक डीलरकडे विचारा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. आणि खरी काडतुसाची रायफल असेल, जुनी .२२ बीएसए वगैरे, तर तिच्या ट्रिगरला घरी हातच लावू नका. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोजतात आणि दुरुस्ती करायलासुद्धा परवाना लागतो, त्यामुळे नाशकातल्या सातपूरच्या एखाद्या लेथवाल्याकडून सिअर, म्हणजे ट्रिगरचा अडकवणारा भाग, बनवून घेतलं तर तो पण अडकेल आणि तुम्ही पण. अशी रायफल परवान्यासकट परवानाधारक गनस्मिथकडेच न्यायची, त्यात दुसरा रस्ता नाही.

आता ट्रिगर काम कसा करतो ते समजून घ्या, कारण हे डोक्यात बसलं की निम्मा बिघाड न उघडता कळतो. दुसर्‍या महायुद्धानंतरच्या डायना २७ ला बॉल ट्रिगर आहे. पिस्टनच्या मागे एक दांडी असते आणि दांडीच्या टोकाजवळ गोल खाच. ट्रिगर ब्लॉकमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात. आतल्या नळीला तीन भोकं, प्रत्येक भोकात एक स्टीलची गोळी. बॅरल मोडली की पिस्टन मागे येतो, दांडीचं टोक आतल्या नळीत शिरतं, गोळ्या बाहेर ढकलल्या जातात, टोक पुढे सरकलं की गोळ्या खाचेत पडतात आणि बाहेरची नळी स्प्रिंगच्या जोराने त्यांच्यावर सरकून त्यांना तिथेच कोंडते. हाच तो खट्. मेन स्प्रिंगचा सगळा भार त्या तीन गोळ्यांवर जातो, चाप ओढताना आपल्याला फक्त बाहेरची नळी बाजूला सारायची असते, म्हणून जुन्या २७ चा ट्रिगर इतका हलका आणि स्वच्छ सुटतो. फार सुंदर डिझाइन आहे, आणि एवढ्या वर्षांच्या बंदुका अजून चालतात ते त्यामुळेच.

यातून काय कळतं, की पकडायला तीन गोष्टी लागतात. दांडी पुरेशी मागे आली पाहिजे, गोळ्या भोकात मोकळ्या हलल्या पाहिजेत, आणि बाहेरची नळी न अडखळता सरकत शेवटपर्यंत गेली पाहिजे. तीनपैकी एक जरी झालं नाही तरी ट्रिगर पकडणार नाही, आणि पार्ट सगळे ठणठणीत असतील तरीही.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण तेल. आपल्याकडे बंदुकीला काय काय घालतात ते बघून जीव तुटतो. शिवण मशीनचं तेल त्यातल्या त्यात बरं, पण बर्‍याच घरांत खोबरेल घातलेलं असतं, कारण पूर्वी बिजागरीपासून कुलपापर्यंत सगळ्याला तेच लावायचे. खोबरेल साधारण २४-२५ अंशाच्या खाली थिजतं. आता निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहिती आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो. तर निफाडकडच्या एका मळ्यातली बंदूक अशीच आली होती, तक्रार काय तर दिवाळीनंतर पकडत नाही, मार्च-एप्रिलमध्ये आपोआप नीट होते. घरच्यांनी समजून घेतलं होतं की स्प्रिंग थंडीत आखडते. ब्लॉक उघडला तर बाहेरच्या नळीच्या आत पांढरट मेणासारखा थर आणि त्याच्या खाली जुन्या तेलाची चॉकलेटी, चिकट खळ. एक गोळी भोकात इतकी घट्ट चिकटलेली की नळी उलटी केली, आपटली, तरी पडली नाही, टूथपिकने ढकलावी लागली. रॉकेलमध्ये भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून, कापडाने कोरडं करून परत बसवलं आणि त्या बंदुकीला एकही नवीन पार्ट लागला नाही. गोळ्या जुन्याच, नळ्या जुन्याच.

तर हे पहिलं करा. आणि फटीतून गंज काढायचा स्प्रे मारून काम भागवू नका. स्प्रे मारला की दोन दिवस चालते म्हणून लोकांना वाटतं सुटलं, पण तो आतली घाण सैल करून पुढे ढकलतो, स्वतः उडून जातो आणि मागे परत चिकट थर राहतो. शिवाय तेच पातळ तेल सिलिंडरमध्ये उतरलं तर पिस्टनच्या दाबाने पेट घेतं, फायर करताना मोठा आवाज आणि धूर येतो तो त्याचाच, त्याने सील आणि स्प्रिंग दोन्हीची वाट लागते.

उघडायचं कसं ते थोडक्यात, पण काळजीपूर्वक वाचा. बंदूक रिकामी आहे आणि कॉक झालेली नाही हे आधी बघायचं. दस्त्याचे स्क्रू काढून लोखंडी भाग वेगळा करायचा. ट्रिगर ब्लॉक मागून दोन आडव्या पिनांवर अडकवलेला असतो आणि कॉक नसतानाही मेन स्प्रिंग त्याला मागून बाहेर ढकलत असते. म्हणून पिना ठोकायच्या आधी ब्लॉक दाबून धरायला काहीतरी पक्कं पाहिजे. सुताराकडचा लांब शिकंजा उत्तम, बॅरलच्या तोंडाशी आणि ब्लॉकच्या मागे लाकडाचा तुकडा ठेवून हलकंसं आवळायचं, पिना बारीक पंचने बाहेर काढायच्या आणि मग शिकंजा हळूहळू सैल करायचा. आपलं तोंड कधीही ब्लॉकच्या रेषेत मागे आणायचं नाही, चष्मा घालायचा. शिकंजा नसेल तर थांबा, आणा, मग करा. छातीने दाबून, दोघांनी धरून, असले प्रकार नको. ब्लॉक बाहेर आला की खाली पांढरं कापड किंवा ताट असू द्या, कारण तीन गोळ्या आणि लहान-मोठ्या स्प्रिंगा निघतात आणि फरशीवर गेलेली गोळी कपाटाखाली सापडते तोवर संध्याकाळ होते. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा, कुठली स्प्रिंग कुठल्या नळीवर होती ते नंतर आठवत नाही.

साफ करूनही पकडत नसेल तर मेन स्प्रिंग बघा. ही गोष्ट मेकॅनिक लोक हमखास विसरतात. जुनी स्प्रिंग तुटली म्हणून कोणीतरी दुसर्‍या कुठल्यातरी एअरगनची लांब आणि जाड स्प्रिंग टाकलेली असते, जोर वाढेल म्हणून. स्प्रिंग पूर्ण दाबली की तिची लांबी होते वेढे गुणिले तारेची जाडी. समजा तार ३ मिलिमीटर आणि वेढे ३६, तर ती १०८ मिलिमीटरच्या खाली दाबली जाणारच नाही, कितीही ताकद लावा. बंदुकीत कॉक झाल्यावर स्प्रिंगला जागाच १०२ मिलिमीटर उरत असेल तर दांडीची खाच गोळ्यांपर्यंत पोचतच नाही, सहा मिलिमीटर आधीच सगळं जाम होतं. हे आकडे समजावायला घेतलेत, तुमच्या बंदुकीचे व्हर्नियरने तुम्ही मोजा. ओळखायची खूण म्हणजे बॅरल शेवटाला जाताना हळूहळू जड न होता एकदम भिंतीला टेकल्यासारखी थांबते. अशा वेळी ट्रिगरमध्ये काहीही शोधू नका, योग्य स्प्रिंग टाका. अंबडला आणि सातपूरला स्प्रिंग बनवणारे आहेत, त्यांना तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे आणि मोकळी लांबी एवढं दिलं आणि दोन्ही टोकं बसवून ग्राइंड करून मागितली की बनवून देतात. फक्त साध्या तारेची घेऊ नका, स्प्रिंग स्टीलचीच, आणि "अजून कडक देऊ का" म्हणाले तर नको म्हणा.

त्याच्यासोबत कॉकिंग लिंक पण बघून घ्या, म्हणजे बॅरलपासून पिस्टनपर्यंत जाणारा तो लांब हात. तो वाकलेला असला किंवा त्याची पिन झिजून भोक अंडाकृती झालं असलं तर पिस्टन दोन-तीन मिलिमीटर कमी मागे येतो, तेवढं पुरतं न पकडायला. पिन नवीन करणं सोपं आहे, भोक मोठं झालं असेल तर जरा मोठी पिन किंवा बुश.

आता गोळ्या. तीनपैकी एखादी हरवली की लोक सायकलच्या दुकानातून आणून टाकतात, कारण दिसायला सारख्याच. सायकलमध्ये पुढच्या हबला ३/१६ इंच आणि मागच्या हबला पाव इंच गोळी येते, म्हणजे अनुक्रमे ४.७६ आणि ६.३५ मिलिमीटर. बंदूक जर्मन, सगळी मापं मिलिमीटरमधली, आणि उदाहरणार्थ ५.५ मिलिमीटरची गोळी आणि ७/३२ इंचाची गोळी यात फरक फक्त साडेपाच शतांश मिलिमीटरचा आहे, हाताला कळतच नाही, पण तीनपैकी एक जरी थोडी मोठी असली तर सगळा भार तिच्यावर येतो आणि खाचेची कड तिथेच दबते. म्हणून राहिलेली मूळ गोळी मायक्रोमीटरवर मोजा, व्हर्नियरवर नाही. तिच्यावर सपाट डाग किंवा गंजाचे खड्डे नसतील तर तेच माप धरा आणि तीनही गोळ्या नवीन, एकाच पाकिटातल्या घ्या. नाशकातल्या द्वारकेच्या आजूबाजूला बेअरिंगची दुकानं आहेत तिथे सुट्या क्रोम स्टीलच्या गोळ्या मिळतात, मापात सांगितलं तर देतात. स्टेनलेसच्या नको, त्या नरम पडतात. घरात मायक्रोमीटर नसेल तर नाशकात तो असलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, मायकोतून (आताची बॉश) किंवा एचएएलमधून रिटायर झालेले काका-मामा प्रत्येक कॉलनीत आहेत, ज्यांनी आयुष्यभर इंजेक्टरच्या नोझलची मापं मायक्रॉनमध्ये बघितली. त्यांना बंदुकीतलं काही माहीत नसलं तरी चालेल, झीज कशाला म्हणतात ते त्यांना बोटाने कळतं, आणि असं काम घेऊन गेलं की ते मनापासून करतात.

इथपर्यंत सगळं नीट असूनही सुटत असेल तर मग खरी झीज. दांडी भिंगाखाली धरा. खाचेची कड धारदार, चौकोनी दिसली पाहिजे. ती गोल झाली असेल, किंवा गोळ्यांच्या जागी तीन चकचकीत खळगे पडले असतील तर गोळ्या घसरून बाहेर येतात. तसंच बाहेरच्या नळीच्या आत बघा, गोळ्या टेकतात तिथे गोल रेघ उमटलेली असेल आणि नखाला लागत असेल तर नळी गेली. चापाच्या वरची कड जिथे नळीला अडवते तिथेही बघा. आणि अ‍ॅडजस्टिंग स्क्रू बघायला विसरू नका, हलका ट्रिगर हवा म्हणून कोणीतरी तो इतका फिरवलेला असतो की चाप नळीला जेमतेम टेकतो. पार्ट गेला असं ठरवायच्या आधी तो स्क्रू मागे फिरवून पकड वाढवून बघा, बर्‍याच "झिजलेल्या" बंदुका इथेच बर्‍या होतात.

एक कळकळीची विनंती, झिजलेली कड कानसने घासून परत धारदार करू नका. हे पार्ट वरून कडक आणि आतून नरम असतात, कडक थर अगदी पातळ असतो. कानस लावली की तो थर जातो, नवीन कड पहिल्या दिवशी छान दिसते, पकडते, आणि थोड्याच दिवसांत नरम पोलाद दबून बंदूक हातात असताना स्वतःहून सुटायला लागते. वेल्डिंगने भर घालणं त्याहून वाईट, उष्णतेने आजूबाजूचाही कडकपणा जातो. ट्रिगरच्या बाबतीत जुगाड चालत नाही, बाकी कशातही चालवा.

मग पार्ट शोधायचा तर कसा. सगळ्यात आधी तुमची बंदूक नक्की कुठली ते ठरवा, कारण नुसतं "डायना" म्हणून काही होत नाही. मूळ कंपनी मायर अँड ग्रामेलश्पाखर, जर्मनीतल्या रास्टाटची, १८९० ची. पण दुसर्‍या महायुद्धानंतर तिथली मशिनरी आणि डायना हे नाव ब्रिटनकडे गेलं आणि स्कॉटलंडमधल्या मदरवेलला मिलब्रो कंपनीने डायना नावाने बंदुका काढल्या. म्हणजे "डायना" लिहिलेलं असून बंदूक जर्मन नसू शकते, आणि तिच्यात जर्मन २७ चे पार्ट बसतील असं धरून चालायचं नाही. उलट त्याच काळात जर्मन कंपनीला ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव वापरता येत नव्हतं म्हणून तिथे तीच बंदूक "ओरिजिनल" नावाने विकली गेली. अमेरिकेत तीच २७ "विंचेस्टर ४२७" आणि "हाय-स्कोअर ८०७" म्हणून, आणि काही ठिकाणी "गेकाडो" म्हणून. हे इतकं सविस्तर सांगतोय कारण पार्ट शोधताना फक्त डायना २७ टाकून बघितलं की हाती काही लागत नाही आणि या बाकीच्या नावांनी बघितलं की दांडी, नळ्या, स्प्रिंगा, अख्खे ट्रिगर ब्लॉक दिसतात.

सिलिंडरवर काय कोरलंय ते भिंगातून वाचा. जर्मन बंदुकीवर मागच्या बाजूला, दस्त्याच्या जवळ, बर्‍याचदा महिना आणि साल बारीक आकड्यांत मारलेलं असतं, दस्ता काढल्यावर स्पष्ट दिसतं. ते लिहून ठेवा. युद्धाआधीच्या २७ ला बॉल ट्रिगर नाही, तिचं सगळंच वेगळं. मॉडेल २५ साधी आणि २५ डी यात पण तोच घोळ, डी वालीला बॉल आहेत, साधीला नाहीत. आणि दुकानात "डायनाचा ट्रिगर आहे" म्हणून जो दाखवतात तो बहुतेक वेळा टी ०५ किंवा टी ०६ असतो, मॉडेल ३४ वगैरे नंतरच्या बंदुकांचा, तो २७ मध्ये बसत नाही, कितीही घासला तरी. पैसे द्यायच्या आधी तुमचा जुना पार्ट शेजारी ठेवून बघा.

कंपनी आता रास्टाटला नाही, २०१४ मध्ये मालक बदलले आणि कारखाना एन्झेला गेला, त्यामुळे इतक्या जुन्या मॉडेलचा पार्ट थेट कंपनीकडून मिळेल या आशेवर थांबू नका. युरोपात जुन्या एअरगनचे सुटे भाग विकणारे आहेत, पण बाहेरून मागवताना कस्टम्सचा विचार आधी करा. एअरगन आणि तिचे पार्ट कस्टम्सच्या यादीतल्या चॅप्टर ९३ मध्ये येतात, म्हणजे शस्त्रं आणि दारूगोळ्याच्या प्रकरणात, एअरगन ९३०४ आणि पार्ट ९३०५. पार्सलवर ट्रिगर हा शब्द दिसला की अडतं आणि मग कागदपत्रांचा फेरा सुरू होतो. काहीजण विकणार्‍याला "सायकल पार्ट" लिहायला सांगतात, ते कृपा करून करू नका, शस्त्राचा पार्ट खोट्या नावाने आणला तर साधी हौस गुन्ह्यात बदलते. एअरगन आयात करणार्‍या परवानाधारक डीलरशी आधी बोला, त्यांच्या मालासोबत पार्ट आणता येतो का विचारा, उशीर लागेल पण सरळ काम होईल.

याच्यापेक्षा मला पटतो तो मार्ग म्हणजे पार्टसाठी दुसरी बंदूक. बॅरल गंजलेली, दस्ता मोडलेला, कवडीमोल झालेली २७ बर्‍याचदा ट्रिगरपुरती उत्तम असते, कारण ट्रिगर आत झाकलेला राहतो. नाशकातल्या शूटिंग रेंजवर जाऊन विचारा, नेमबाजीची इथे चांगली परंपरा आहे, क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांनी इथूनच किती नेमबाजांना मनाची तयारी शिकवली. मुलं आता नवीन पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणार्‍या, रायफलने खेळतात, पण जुने कोच आणि रेंज सांभाळणारे लोक कोणाच्या घरी काय पडलंय ते जाणून असतात. घेताना बिल नाहीतर निदान साध्या कागदावर देणार्‍या-घेणार्‍याचं नाव, ओळखपत्राची झेरॉक्स आणि बोअर लिहून ठेवा. आपल्याकडे बनलेल्या काही जुन्या एअरगन बाहेरून हुबेहूब डायनासारख्या दिसतात, पण त्यांची दांडी आणि नळ्या मापाला जुळतातच असं नाही, त्यामुळे पार्टसाठी अशी घ्यायची असेल तर उघडून, मोजून मगच.

पिना आणि लहान स्प्रिंगा इथेच मिळतात, त्यांच्यासाठी परदेश नको. पिनेला कडक केलेली डॉवेल पिन घ्या, खिळा कापून घालू नका. दांडी किंवा नळी नवीन बनवायची वेळ आली तर ते काम एअरगन दुरुस्त करणार्‍या डीलरमार्फतच करा, मटेरियल आणि हार्डनिंग दोन्ही त्याच्या जबाबदारीवर राहतं. लेथवर आकार कोणीही काढेल, पण हार्डनिंग न केलेली दांडी किती दिवस टिकेल ते वर सांगितलंच आहे. आणि हार्डनिंगनंतर दांडी थोडी वाकते, म्हणून शेवटचं ग्राइंडिंग त्याच्यानंतर, हे सांगून द्या.

परत बसवताना गोळ्या भोकात थांबत नाहीत म्हणून लोक वैतागतात. प्रत्येक भोकात टाचणीच्या टोकाएवढं मॉली (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस लावा, गोळी त्यात चिकटून राहते, मग बाहेरची नळी सरळ वरून सरकवा. ग्रीस तेवढंच, जास्त नको, नाहीतर काही वर्षांनी परत तीच चिकट खळ.

आणि मेन स्प्रिंग घालायच्या आधी एक चाचणी करा, ही सगळ्यात महत्त्वाची. पिस्टन घाला, ट्रिगर ब्लॉक पिनांसकट बसवा, पण मेन स्प्रिंग बाहेरच ठेवा. आता बॅरल मोडली तर काहीच जोर लागणार नाही, पिस्टन आरामात मागे जाईल. शेवटाला खट् आला पाहिजे. बॅरल बंद करा, बॅरलचं टोक खाली करून बंदूक तिरकी धरून हलवा, पिस्टन सुटता कामा नये. दस्ता धरायच्या जागी हाताने दोन-चार दणके द्या, तरी सुटता कामा नये. मग चाप ओढा, पिस्टन घरंगळत पुढे आला पाहिजे. असं पुन्हा पुन्हा करा, प्रत्येक वेळी तसंच झालं तर ट्रिगर बरा आहे. इथे पकडतो आणि स्प्रिंग घातल्यावर पकडत नाही असं झालं तर दोष स्प्रिंगचा, ट्रिगरचा नाही, आणि तुमचे पार्टचे पैसे वाचले. इथेच एकदा जरी आपोआप सुटला तर स्प्रिंग घालूच नका, परत उघडा.

सगळं जोडल्यावर पहिल्यांदा कॉक करताना बॅरल हातात घट्ट धरून, बंदुकीचं तोंड मातीच्या ढिगाकडे, आणि छर्रा घालूनच फायर करा, रिकामी उडवली तर पिस्टन पुढे आपटतो. नेम पुठ्ठ्यावर, मागे जाड लाकूड किंवा वाळूचं पोतं. बागेतल्या पाखरांवर नको, १९७२ चा वन्यजीव कायदा एअरगनलाही लागू आहे. पावसाळा संपला की एकदा दस्ता काढून बाहेरून पुसायचं, ट्रिगरला तेल सोडायचं नाही, आणि बंदूक कधीही कॉक करून ठेवायची नाही. काही अडलं तर सिलिंडरवरचे आकडे, दांडीच्या टोकाचा जवळून फोटो आणि गोळीचं मायक्रोमीटरवरचं माप एवढं तयार ठेवून विचारा, त्यावरून पार्ट कुठला लागेल की लागणारच नाही ते लगेच सांगता येतं.